हनुवटीखालून नळी कशासाठी?

गारगोटीकडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा २६ वर्षांचा धाकटा भाऊ रात्री मोटरसायकलवरून येत होता. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. हेल्मेट नव्हतं. वरचा जबडा, नाक, खालचा जबडा, सगळं मोडलंय. मेंदूला मार नाही असं सीटी स्कॅनमध्ये दिसलं. पाच दिवस झाले, ऑपरेशन परवावर आलंय, आणि भूलतज्ज्ञांनी संमतीपत्रावर सही घेताना सांगितलं की श्वासाची नळी हनुवटीखालून बाहेर काढू. ताईंचे प्रश्न असे: तोंड आहे, नाक आहे, मग हनुवटीला भोक कशाला? गळ्याला भोक पाडतात तेच का हे? आणि एवढे दिवस थांबले का?

ताई, मी कोल्हापुरात बावीस वर्षं भूल देतोय. एका दवाखान्यात बसून नव्हे. गाडीच्या डिकीत बॅग टाकून सकाळी एका थिएटरात, दुपारी दुसऱ्या, रात्री जिथून फोन येईल तिथं. गळीत हंगाम सुरू झाला की तुमच्या भावासारखे चेहरे आमच्याकडे यायला लागतात. मागं दिवा नसलेली ट्रॉली, पुढं कमी उजेडाची मोटरसायकल, आणि मध्ये काही नाही. त्यामुळे तुमचा प्रश्न मला नवा नाही.

आधी भीती घालवतो. हे गळ्याला भोक पाडणं नाही. गळ्याला पाडतात ती ट्रॅकिओस्टॉमी. तिच्यात श्वासनळीच उघडावी लागते. इथं श्वासनळीला कुणी हात लावत नाही. नळी नेहमीसारखी तोंडातूनच श्वासनळीत जाते. फक्त तिचं बाहेरचं टोक ओठांमधून न येता जिभेच्या बाजूनं, हनुवटीखालच्या दीड-दोन सेंटीमीटरच्या चिरेतून बाहेर येतं. ऑपरेशन संपलं की ते टोक परत तोंडात ओढून घेतात आणि चिरेला दोन-तीन टाके घालतात.

आता कशासाठी, ते. नळी कुठून काढायची हे माझ्या मर्जीवर नसतं आणि सर्जनच्याही नसतं. ते दात ठरवतात.

चेहऱ्याची हाडं चार-पाच ठिकाणी मोडली की सर्जनपुढं फुटलेला घडा जुळवण्याचं काम येतं. कुठला तुकडा किती वर, किती मागं? हाडांवर कुणी खुणा करून ठेवलेल्या नसतात. एकच खूण असते, दातांची. माणसाचे वरचे आणि खालचे दात वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून एकमेकांत बसलेले असतात, जात्याच्या दोन पाळूंसारखे. सर्जन आधी ते दात एकमेकांवर नीट बसवतात, तारेनं किंवा रबरांनी घट्ट बांधतात आणि मग त्या आधारानं हाडं ओळीत आणून प्लेटा नि स्क्रू मारतात. दातावर दात बसला नाही तर चेहरा आरशात ठीक दिसेलही, पण पोराला भाकरीचा तुकडा तोडता येणार नाही.

म्हणजे ऑपरेशन चालू असताना तोंड पूर्ण मिटायला हवं. आणि माझी नळी आतून साडेसात मिलिमीटरची असली तरी बाहेरून सेंटीमीटरभर जाड असते. ती दातांच्या मध्ये आली की तोंड मिटत नाही. तोंडाचा रस्ता असा बंद होतो.

राहिलं नाक. नुसता खालचा जबडा मोडला असेल तर आम्ही बिनधास्त नाकातून नळी घालतो, रोजचं काम आहे. पण तुमच्या भावाचं नाकच मोडलंय. सर्जनना ते सरळ करायचंय. त्यात माझी नळी असेल तर ते कशाला हात लावणार? शिवाय नाकाच्या छताला, मेंदूच्या खाली, चाळणीसारखं भोकं असलेलं पातळ हाड असतं. मधला चेहरा जोरात मागं ढकलला गेला की ते तडकू शकतं. अशा तडकलेल्या छतातून नाकातली नळी मेंदूच्या पोकळीत गेल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. फार थोड्या, पण आहेत. हल्ली सीटी नीट वाचून, कॅमेऱ्याखाली, काही जणांत नाकाचा मार्ग वापरता येतोही. पण नाक दुरुस्त करायचंच असेल तर तो वाद तिथंच मिटतो.

मधला चेहरा कुठं कुठं तुटतो याचे ढोबळ तीन प्रकार फ्रान्समधल्या रने ल फोर यांनी १९०१ मध्ये मांडले. मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून, हाडं उघडून त्यांनी ते पाहिलं होतं. पहिल्या प्रकारात दातांची वरची कमान टाळूसकट सुटते, दुसऱ्यात नाकासह मधला त्रिकोण सुटतो, तिसऱ्यात अख्खा चेहरा कवटीपासून वेगळा होतो. तुमच्या कागदावर 'ल फोर्ट २' असं काही लिहिलेलं असेल तर ते हेच.

तोंड नाही, नाक नाही, आणि गळ्याला भोक पाडण्याइतकं आजारपण नाही. या कोंडीतून १९८६ मध्ये स्पेनचे सर्जन फ्रान्सिस्को हर्नांडेझ अल्टेमिर यांनी वाट काढली, हनुवटीखालून. तशी ही कोंडी जुनीच. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये सिडकपच्या रुग्णालयात हॅरल्ड गिलीज सैनिकांचे फुटलेले चेहरे दुरुस्त करायचे. तेव्हा मास्क चेहऱ्यावर ठेवला तर सर्जनना जागा नाही, आणि बाजूनं इथर सोडलं तर त्याची वाफ सर्जनच्याच तोंडावर यायची. तिथं भूल देणाऱ्या आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉथम यांनी श्वासनळीत थेट नळी घालण्याचं तंत्र घडवलं. आज जगभर पोटाच्या, मणक्याच्या, कसल्याही ऑपरेशनला जी नळी घालतात तिला वळण लागलं ते या फुटलेल्या चेहऱ्यांमुळे. मॅगिलच्या नावाचा वाकडा चिमटा अजून माझ्या बॅगेत असतो आणि तुमच्या भावाच्या ऑपरेशनातही बहुतेक तो बाहेर निघेल.

प्रत्यक्षात कसं करतात ते सांगतो. ऐकायला विचित्र वाटतं, बघायला साधं आहे. नळी घेतो ती आत तारेची स्प्रिंग असलेली, म्हणजे कितीही वाकवली तरी चेपत नाही. तिचं मागचं प्लॅस्टिकचं जोडणीचं टोक फॅक्टरीतून घट्ट बसवलेलं येतं. ते भूल द्यायच्या आधीच टेबलावर फिरवून सैल करून बघायचं आणि परत बसवायचं. हे विसरलं तर ऐन वेळी ते निघत नाही आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहतात. पेशंटला झोपवून नळी तोंडातून घातली, दोन्ही छातीत हवा जातेय हे बघितलं, कॅप्नोग्राफवर कार्बन डायऑक्साइडचा आलेख आला, की मग सर्जनची पाळी.

ते हनुवटीखाली, मधल्या रेषेच्या जरा बाजूला, जबड्याच्या कडेच्या आत छोटी चीर देतात. त्यातून आर्टरी फोर्सेप, म्हणजे टोकदार चिमटा, बंद करून वर सरकवतात, अगदी जबड्याच्या आतल्या हाडाला चिकटून. जिभेकडं सरकलं की जिभेची नस आणि लाळेच्या नळ्या लागतात, म्हणून हाड सोडायचं नाही. तोंडाच्या तळाशी चिमट्याचं नाक दिसलं की तिथलं पातळ आवरण कापून वाट करतात. आता माझं काम. मी शंभर टक्के ऑक्सिजन दोन-तीन मिनिटं दिलेला असतो. श्वासनळीत नळीभोवती हवेनं फुगणारं एक कडं असतं, त्याला कफ म्हणतात. बारीक नळीनं त्याला जोडलेला छोटा फुगा बाहेर असतो. आधी तो फुगा त्या वाटेनं बाहेर ओढतात. मग मी मशीन सोडवतो, जोडणी काढतो, एका हातानं घशातली नळी मॅगिलच्या चिमट्यानं धरून ठेवतो, आणि सर्जन तिचं मोकळं टोक हनुवटीखालून बाहेर घेतात. जोडणी परत, मशीन परत, आलेख परत. श्वास तुटलेला असतो तो सगळं सुरळीत असेल तर मिनिटभराच्या आत. ऑक्सिजन भरून घेतलेल्या धडधाकट पोराला तेवढं काहीच नाही. मग परत छाती ऐकायची, कारण ओढाताणीत नळी सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर आत किंवा बाहेर सरकते. रेशमाच्या टाक्यानं ती कातडीला बांधली की चेहरा पूर्ण मोकळा. सर्जनना वरून खालपर्यंत कुठंही जा म्हणावं.

माझाही एक फजितीचा दिवस आहे, तो सांगतोच. अकरा-बारा वर्षांपूर्वी एका दवाखान्यात कफचा फुगा ओढताना तो चिमट्याच्या दातात अडकला आणि फाटला. कफमधली हवा गेली, नळीच्या कडेनं हवा फुसफुसायला लागली, तोंडात रक्त. नळी बदलायची म्हटलं तर सुजलेल्या घशातून पहिल्यापासून सुरुवात. तेव्हा फुग्याच्या तुटक्या बारीक नळीत सलाइनची सगळ्यात बारीक सुई, म्हणजे तिचं प्लॅस्टिक, सरकवलं, मागं थ्री-वे, म्हणजे उघडबंद होणारी छोटी तोटी, लावला, हवा भरली आणि बंद केला. अडीच तासांचं ऑपरेशन त्यावर निघालं. तेव्हापासून फुगा बाहेर काढताना मी चिमट्याच्या तोंडाला गॉज लावायला सांगतो आणि ती बारीक सुई ट्रेमध्ये उघडी ठेवायला लावतो. थिएटरातल्या सिस्टर मला त्यावरून हसतात. हसू देत.

प्रत्येकालाच हनुवटीची वाट लागते असं नाही. अपघातात पुढचे दोन-तीन दात पडले असतील तर कधी त्या फटीतूनच नळी बाहेर येते आणि तोंड मिटतं. शेवटच्या दाढेच्या मागं काहींना जागा असते. मी आदल्या दिवशी त्या जागेत माझं बोट ठेवतो आणि पेशंटला हळू दात मिटायला सांगतो. बोट चावलं गेलं नाही तर नळी तिथं मावेल. अक्कलदाढ पूर्ण आलेल्या तरुणात ही जागा बहुधा नसते. आणि ज्याला मेंदूचा मार आहे, छातीत बरगड्या मोडल्यात, पुढचे आठ-दहा दिवस व्हेंटिलेटर लागणार आहे, त्याला सरळ ट्रॅकिओस्टॉमी. तिथं हनुवटीची वाट घेऊन उपयोग नाही.

पण ताई, खरं सांगू? नळीचं टोक कुठून निघतं याची मला फार चिंता नसते. ती आत कशी जाणार याची असते.

चेहरा मोडलेल्या माणसाला भूल देताना आमचे नेहमीचे दोन आधार जातात. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही, कारण खाली हाडच हलतंय. आणि तोंड किती उघडेल याचा भरवसा नसतो. दुखतंय म्हणून तोंड उघडत नसेल तर काळजी नाही. स्नायू सैल करायचं औषध दिलं की उघडतं. पण गालाचं मोडलेलं हाड आत घुसून जबडा अडवत असेल तर कुठलंही औषध देऊन ते उघडत नाही. झोपवल्यावर हे कळलं तर उशीर झालेला असतो. म्हणून सीटी मी स्वतः बघतो, नुसता रिपोर्ट वाचत नाही.

आमच्या भागात तोंड न उघडण्याला तिसरं कारण आहे, मावा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा. चार-पाच वर्षं रोज मावा दाढेत धरणाऱ्या पोरांचा गाल आतून दोरीसारखा कडक होतो आणि तोंड दोन बोटांपुरतं उघडतं. अपघाताआधीच. त्याला स्वतःला ते कळलेलं नसतं, कारण हळूहळू झालेलं असतं. पेशंटला आता तोंड उघडायला लावून हे समजत नाही, म्हणून मी घरच्यांना विचारतो, 'पाणीपुरी अख्खी तोंडात टाकायचा का, की फोडून खायचा?' बऱ्याचदा आई गप्प होते आणि मित्र उत्तर देतात. ताई, तुमच्या भावाला असा काही नाद असेल तर परवाच्या आधी भूलतज्ज्ञांना सांगा. रागावणार नाहीत ते. त्यांची सगळी तयारी त्यावर बदलते.

तोंड उघडणार नाही किंवा मास्क चालणार नाही असं वाटलं तर पेशंटला जागं ठेवूनच नळी घालतात. लिग्नोकेनची वाफ आणि फवारा देऊन घसा बधिर करायचा, थोडी गुंगी द्यायची, आणि बारीक लवचीक कॅमेऱ्यावरून नळी सरकवायची. तो स्वतःचा श्वास स्वतः घेत असतो, हीच यातली सुरक्षितता. समजावून सांगितलं की बहुतेक जण सहन करतात. मात्र तोंडातून रक्त वाहत असेल तर कॅमेऱ्याच्या टोकाला लाल सोडून काही दिसत नाही, आणि रात्री दोन वाजता आलेला, दारू प्यायलेला, हातपाय झाडणारा माणूस जागेपणी काही करू देत नाही. त्याच्यासाठी व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, म्हणजे घसा पडद्यावर दाखवणारं उपकरण, रक्त ओढून घ्यायला दोन सक्शन, आणि मानेला झटका बसू नये म्हणून डोकं धरायला एक माणूस. चेहऱ्याला एवढा मार म्हणजे मानेचा मणका दुखावलेला असू शकतो, हे कॉलर काढताना विसरून चालत नाही.

कुठलाही मार्ग घेतला तरी सुरुवातीलाच मी गळ्यावर, कंठमण्याच्या खालची खळगी चाचपून स्केच पेननं खूण करतो. सगळं फसलं तर तिथं ब्लेडनं वाट करायची असते, आणि त्या घाईत सुजलेल्या गळ्यावर खळगी शोधत बसायला वेळ नसतो. आजवर ती खूण मला दोनदा वापरावी लागली. दोन्ही वेळा पेशंट घरी गेले. तुमच्या भावाच्या गळ्यावर पेनाची रेघ दिसली तर घाबरू नका.

थांबले कशासाठी, याचं उत्तर सूज. मारानंतर दोन-तीन दिवस ती वाढतच जाते, मग उतरते. सुजलेल्या चेहऱ्यात सर्जनना हाडाची कड सापडत नाही आणि मला घसा. त्या दिवसांत मेंदूवरही लक्ष ठेवता येतं, मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळतंय का ते बघता येतं. रक्त थांबत नसेल किंवा श्वास अडत असेल तर कुणी थांबत नाही. पोटाचंही आहे. अपघातात माणूस कितीतरी रक्त गिळतो आणि ते नेमकं भूल देताना उलटून येतं.

रस्त्यावरची गोष्ट ओघात सांगून ठेवतो, कारण ती कुणी विचारत नाही. चेहरा फुटलेला माणूस शुद्धीवर असेल आणि उठून बसून पुढं वाकत असेल तर त्याला बसू द्या. लोक प्रेमानं त्याला उताणा झोपवतात, डोक्याखाली मांडी देतात. खालचा जबडा हनुवटीच्या दोन्ही बाजूंना मोडला असेल तर जीभ धरून ठेवणारं हाडच सुटलेलं असतं. उताणं झोपवलं की जीभ मागं पडून घसा बंद. पुढं वाकून रक्त गळू देणं हेच त्याचं औषध. बेशुद्ध असेल तर मान न वळवता, अख्खं अंग एकत्र धरून कुशीवर. आणि तांब्यानं पाणी पाजायचं नाही. आंबा घाट, फोंडा घाट उतरून-चढून दोन-दोन तासांनी आमच्याकडं पोहोचलेले काही जण निव्वळ बसून आले म्हणून वाचलेत.

ऑपरेशन संपल्यावर घाई करणारा भूलतज्ज्ञ मला आवडत नाही. घशात रक्त जाऊ नये म्हणून ओल्या गॉजची पट्टी कोंबलेली असते, ती काढल्याचं फळ्यावर लिहिल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही. नळी आधी हनुवटीखालून तोंडात परत घेतात, या वेळी उलट क्रमानं, आधी नळी, मग फुगा. पेशंट पूर्ण जागा होऊन, हात उचलून, डोळे उघडून सांगेल तेव्हाच ती निघते. सूज जास्त असेल तर एक रात्र नळी तशीच ठेवून आयसीयूत झोपवतात. परवा रात्री तो तुमच्याशी बोलला नाही तर बिघडलं असं समजू नका.

दात बांधून ठेवले असतील तर उशाशी कात्री किंवा तार कापायचा पक्कड हवाच. रबरं असतील तर कात्री, तार असेल तर पक्कड. कुठून कापायचं ते सर्जनकडून बोट ठेवून दाखवून घ्या, घरच्या दोघांनी तरी. उलटी आली तर पुढं वाकवायचं, नाकातोंडातून जाऊ द्यायचं, आणि श्वास अडला तर कापायचं. विचारत बसायचं नाही. खाणं सगळं पातळ. पांढरा रस्सा दोनदा गाळून सिरिंजनं गालाच्या बाजूनं दिलेला मी बघितलाय, सर्जनची हरकत नसेल तर माझीही नाही. तांबडा मात्र टाके सुकेपर्यंत नको.

हनुवटीखालचा व्रण वरून दिसत नाही, सावलीत जातो. क्वचित तिथं पू होतो, किंवा तोंडातली लाळ त्या वाटेनं झिरपते. टाक्यातून पाणी येत राहिलं तर दाखवा. टाके आठवड्यात निघतात. आणि दाढी-मिशी परवा सकाळी काढावी लागेल, तेवढं त्याला आजच सांगून ठेवा. माझ्याकडचे निम्मे पेशंट हाडं मोडल्याचं दुःख सोसतात आणि मिशीवरून अडून बसतात.